दोन्ही उघड्या

माझं डोकं चालतं ते संगणकावरच्या एका साध्या टेक्स्ट एडिटरवर. नांदेडच्या एका कॉलेजात मी परीक्षा विभाग सांभाळते, आणि लातूरला एकट्या राहणाऱ्या आईचं दवापाणीही. दोन्हीकडची कामं त्याच एडिटरमध्ये लिहायची आणि अजेंडा उघडायचा, की हवी ती यादी तारखेनुसार समोर येते. सहकारी हसतात. "मॅडम, मोबाईलच्या जमान्यात हे काय करून राहिलात?" हसू देत.

त्या एडिटरची एक खोड मात्र ठाऊक असूनही मला महागात पडली. नवा अजेंडा उघडला की तो आधीच्याच जागेवर येऊन बसतो. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच्या पुढच्या आठवड्यात मी सोमवारी कॉलेजची यादी उघडली. प्रश्नपत्रिकांच्या गडबडीत ती शुक्रवारपर्यंत तशीच राहिली आणि आईची यादी तिच्यामागे झाकली गेली. पुसली नव्हती, दिसत नव्हती एवढंच. गुरुवारी तिला तपासणीला न्यायचं होतं. आई सकाळपासून काळा चष्मा लावून, चपला घालून दारात बसून होती. फोनही केला नाही. "तू बसमधी असशील, लोह्याच्या पुढं रेंज न्हाई, म्हून केला न्हाई," म्हणाली. दुपारी शेजारीण तिला रिक्षानं घेऊन गेली. मला लाज वाटली. अजूनही वाटते.

हे कळताच पुण्याहून दादाचा फोन आला. आईला तिकडे न्यायचं त्याचं कधीपासून चाललं होतं. आईला लातूर सोडायचं नव्हतं, म्हणून मी आडवी आले होते.

"तुझ्याच्यानं होत नाही हे दिसलंच. नोकरी की आई, एक काय ते ठरव. नाहीतर दिवाळीत मी तिला घेऊन जातो."

"दोन्ही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग हट्टालाच पेटले. एडिटरची माहितीपुस्तिका पालथी घातली. निघालं काय, तर एका ओळीची सेटिंग! ती लावली की प्रत्येक अजेंडा आपापल्या जागी उघडा राहतो, कुणी कुणाला झाकत नाही. फक्त अधूनमधून ताजा करावा लागतो, नाहीतर जुनंच दाखवत बसतो. पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे कॉलेज, उजवीकडे लातूर.

प्राचार्यांनी एकदा मागून डोकावून विचारलं, "कामाच्या वेळेत घरचं कशाला उघडं?"

"सर, घरी असते तेव्हा कॉलेजचंही उघडंच असतं. तेव्हा कुणी विचारत नाही."

ते आपल्या केबिनकडे वळले. मी काहीच बंद केलं नाही.

त्यानंतर आईची एकही तारीख चुकली नाही. तरी दिवाळीत दादा गाडी घेऊन आलाच. आईची बॅग त्यानंच भरली. आई पलंगावर बसून बघत होती. मी तावातावानं तारखा मोजून दाखवायला लागले, तर तिनं मला हातानं गप्प केलं.

"लई माया हाय बाळा तुझी," ती दादाला म्हणाली. "एवढं सांग, माझं ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं झालं?"

दादानं तिचे दोन्ही डोळे निरखून पाहिले.

"उजव्या," तो म्हणाला.

आईनं बॅगेची चेन उघडली आणि एकेक साडी परत कपाटात ठेवायला लागली.