थरथर थांबली तेव्हा

आमच्या लातूरच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील शिक्षक. शाळा सुटली की ते हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध लिहायचे आणि मी ती पत्रकं बसस्थानकावर वाटायचे. त्यामुळे जग कसं चालावं याबद्दल माझी मतं फार लवकर पक्की झाली. गार पडत चाललेल्या माणसाचं काय करावं, हे मात्र मला आत्याकडून कळलं. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, देवणीजवळच्या तिच्या शेतावर.

आत्या गाई सांभाळते. थंडीत व्यायलेल्या गाईचं वासरू तिच्या हातून दगावलं, असं फार क्वचित झालंय. पण थोरले मामा, म्हणजे तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ, समोर असले की ती बसायची नाही, त्यांच्याशी बोलायची नाही, पदर कपाळाखाली ओढायची. तेही तिच्याशी थेट बोलत नसत. यावरून मी तिच्याशी कितीदा भांडले. “तू शिकलेली हायस बाई, तुझं बरोबर हाय,” एवढं म्हणून ती शेण काढायला जायची.

त्या सकाळी थंडीची लाट होती. तलावातल्या पंपाच्या पाईपाच्या तोंडावरची जाळी शेवाळानं तुंबली होती आणि लाईट आठला येणार होती. दिवसाची वीज शेतकऱ्याला अशी चार तास, तीही सरकारच्या मर्जीनं. म्हणून मामा, आत्याचे यजमान, उजाडताच छातीभर पाण्यात उतरले. आधी त्यांचे दात वाजत होते. “काय मामा, गाणं म्हणून राहिलात का?” मी काठावरून ओरडले. ते हसले. मग हातातला पाना निसटला. बुडी मारून काढला, पुन्हा निसटला. बोटं मिटेनात. तरी मामा वर येईनात. जाळी बसवून ते बाहेर आले तेव्हा दीड तास झाला होता, आणि थोरल्या मामांना त्यांचा दंड धरून ओढावं लागलं.

काठावर वारा होता. ओल्या कपड्यांत ते लटलट कापत बसले. थोड्या वेळानं थरथर थांबली. आम्हाला हायसं वाटलं.

“थांबलं बघा,” थोरले मामा म्हणाले. “उठवा, चालवा जरा. हातपाय चोळा, अंग मोकळं हुईल.”

“थंडी... न्हाई आता,” मामा म्हणाले. जीभ दारू प्यायल्यासारखी जड. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. “झोपतो जरा.”

मी आखाड्यावर, शेतातल्या गोठ्याकडे, धावले आणि चुलीवरचं कढत पाणी बादलीत घेऊन आले. अंगावर ओतायचं, साधी गोष्ट. गोठ्यातून माझ्यामागोमाग आलेल्या आत्यानं बादली लाथेनं बाजूला सारली.

“भाजायचंय का त्यान्ला? थरथर थांबली म्हणजे बरं झालं न्हाई, पोरी. वासरू कुडकुडायचं थांबलं न् मान टाकली, की ते चाललं.”

थोरले मामा भावाच्या काखेत हात घालून त्यांना उभं करत होते. आत्या वळली. पदर डोक्यावर नव्हता.

“दादा, हात लावू नका! आडवं राहू द्या. कोणी चोळायचं न्हाई.”

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. तिला त्यांच्याशी बोलताना मी प्रथमच ऐकलं. त्यांनी हात काढले.

तिनं विळ्यानं नवऱ्याचा ओला सदरा फाडला, धोतर सोडलं, लुगड्याच्या कोरड्या पदरानं अंग टिपलं. घासलं नाही, टिपलं. खाली कडबा, वर पोती, त्यावर गोधडी. मग सगळ्यांसमोर ती त्या गोधडीत शिरली आणि त्यांना छातीशी घट्ट धरून पडून राहिली. थोरल्या मामांनी तोंड फिरवलं, पण स्वतःची घोंगडी काढून दोघांवर टाकली. मी दवाखान्याला फोन लावला. गाडी यायला वेळ होता. आत्या नवऱ्याशी बोलतच होती. “झोपायचं न्हाई. तांबडी कधी व्याली सांगा. अवो, तांबडी!” उत्तर येत नव्हतं. मला आतून रडू फुटत होतं आणि तिचा आवाज एकदाही हलला नाही.

बऱ्याच वेळानं गोधडी हलली. मामा पुन्हा कापायला लागले, आधीपेक्षा जोरात. मी घाबरून किंचाळले. आत्या मात्र हसली, तेव्हाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “कापा,” ती म्हणाली, “चांगलं कापा.”

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अंग फार थंड झालं की कापायची ताकदही संपते, म्हणून ती शांतता फसवी असते. अशा वेळी माणसाला चालवलं, हातपाय चोळले, तर त्यांतलं गार रक्त काळजाकडे धावतं आणि ते बंद पडू शकतं. आधी छाती ऊबदार करायची, हळूहळू. “बरोबर केलंत. कोणी केलं हे?”

आत्या दाराशी उभी होती, पदर पुन्हा कपाळावर. खाटेजवळ एकच स्टूल होतं आणि त्यावर थोरले मामा बसले होते. ते उठले. स्टूल उचलून तिच्यापुढे ठेवलं.

“ह्यांनी केलं,” ते डॉक्टरांना म्हणाले. मग तिच्याकडे बघून, “बसा.”

माझ्या सगळ्या भांडणांना जे जमलं नव्हतं ते मी बघत होते. आत्यानं क्षणभर स्टुलाकडे पाहिलं. मग बसली, आणि नवऱ्याचा हात गोधडीत नीट झाकला.