तिसरी खुर्ची

कोपरखैरण्याच्या छापखान्यातून चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा घरी आणला की खोलीभर ओल्या शाईचा वास पसरतो. पूर्वी या वासाने माझं रक्त सळसळायचं. आता आधी मॅडम आठवतात, मग स्वतःची लाज वाटते.

परदेशातल्या विद्यापीठात वीस वर्षं समुपदेशक घडवून मॅडम परतल्या आणि आमच्या कॉलेजच्या मागच्या खोलीत आम्हा विद्यार्थ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसल्या. तिकडे समुपदेशनाला दोनच खुर्च्या लागत, समोरासमोर नाही, जराशा तिरक्या. बोलणाऱ्याला नजर चुकवायची मोकळीक हवी म्हणून. इकडे त्या खोलीत मन मोकळं करायला येणाऱ्या घणसोली गावातल्या बाया एकट्या येतच नसत. सोबत नणंद, शेजारीण, कुणीतरी असायचंच. मॅडमनी सोबतिणींना नियमाप्रमाणे बाहेर बसवलं आणि आतली बाई मुकी झाली. मग त्यांनी स्वतः उचलून तिसरी खुर्ची आत आणली. "वीस वर्षं शिकवलेलं आज खोडलं," म्हणाल्या, आणि हसल्या. त्या हसण्यातलं एकटेपण मला तेव्हा कळलं नाही. तिकडे त्या कायम इकडच्या होत्या. इकडे स्टाफरूममध्ये त्यांना 'फॉरेन' म्हणत. डबा त्या मागच्या खोलीतच खात, दोन रिकाम्या खुर्च्यांसमोर.

विद्यार्थी कमी म्हणून संस्थेने तो अभ्यासक्रम बंद करायचं ठरवलं. बायांची रांग जिन्यापर्यंत यायची, ती कुणाला दिसली? मी पेटले. एका दमात पत्रक लिहिलं, गावभर वाटलं. आणि धार यावी म्हणून सरावाच्या वेळी ऐकलेली एका बाईची हकिकत त्यात घातली. नाव नव्हतं. पण गल्ली आणि तीन मुली एवढं लिहिल्यावर घणसोलीत नाव कशाला लागतं?

ती बाई पत्रक मुठीत चुरगाळून आली. त्या दिवशी एकटीच. बसली नाही. "नाव नाय टाकला म्हनून काय झाला? गाव माजाच हाय ना."

हे तुमच्यासाठीच केलं, असं मी समजावू लागले. मॅडमनी मला हातानेच थांबवलं. "चूक माझी," त्या तिला म्हणाल्या. "हिला ऐकायला शिकवलं. ऐकलेलं सांभाळायला शिकवलं नाही."

संस्थेच्या बैठकीत मॅडम बाजू मांडायला गेल्याच नाहीत. मी चिडून जाब विचारला, तर म्हणाल्या, आता कुठल्या तोंडाने ती खोली मागू? अभ्यासक्रम बंद झाला. त्या परत तिकडे परदेशी गेल्या, जिथे त्यांच्या जागेवर केव्हाच दुसरं कुणी बसलं होतं.

संस्थेचा राग मला आजही येतो, आणि तो यायलाच हवा. पण त्या रागाच्या आड फार काळ लपता आलं नाही. मॅडमना लिहिलेल्या माफीच्या पत्राला उत्तर नाही. ती बाई बाजारात दिसते, मान वळवते. आजच्या पत्रकात कुणाचीच हकिकत नाही. सोबतचे म्हणतात, धार गेली. गेली असेल. त्या खोलीतल्या, भंगारात काढलेल्या खुर्च्यांतली एक मी घरी आणली आहे, जराशी तिरकी ठेवते. गप्प झालेल्या माणसाला घाई करू नये, थांबावं, असं मॅडम सांगायच्या. किती, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.