कोरियन सूडपटाचं सुतक

आमच्या वाडीत व्हिडिओ आला तेव्हा त्याच्यापुढे नारळ फोडला गेला. वाडी आरे-वारेच्या पुढे, रस्त्यापासून वर चढावर. आखातातून सुट्टीवर आलेल्या शेजाऱ्यानं ते यंत्र आणि रंगीत टीव्ही अशी दोन खोकी आणली होती. गावकारानं खोक्यांसमोर उभं राहून रीतसर गाऱ्हाणं घातलं, "ह्या मशिनीला कोणाची दृष्ट लागू नको, चित्र हलू नको," आणि आम्ही हात जोडून "होय महाराजा" म्हटलं. मी तेव्हा रत्नागिरीत एका वकिलांकडे कारकून होतो, शनिवारी एस.टी.नं घरी यायचो. दृष्टीविरुद्ध मनाई हुकूम मागितलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

शेजारी तिकडे एका कोरियन कंपनीच्या कामावर वायरमन होता. निघताना एका कोरियन सोबत्यानं त्याला कॅसेट भेट दिली होती. हिंदी कॅसेटी आठवडाभरात बघून संपल्या, तेव्हा रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर ही लावायचं ठरलं. "भाषेची काळजी नको," तो म्हणाला. "पाच वर्षं त्यांच्यात काढलीयत. मी सांगत जातो."

त्याच्या घराला लागून चुलतभावाचं घर. मध्ये गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली भिंत, आणि बरोबर गडग्यावर एक फणस. फणस कोणाचा यावरून चुलतभावानं दावा लावला होता आणि शेजाऱ्याच्या बाजूनं आमचे वकील उभे होते. आमच्या जिल्ह्यात सूड असाच घेतात, तारखेतारखेनं. रक्त सांडत नाही, आटतं. चार वर्षं दोघे बोलत नव्हते. एकमेकांचा उल्लेख "बाजूचा" असा करत.

यात खरी अडकली होती ती शेजाऱ्याची म्हातारी आई. एकच मुलगा, तोही समुद्रापार. मी घरी आलो की ती मला गाठायची. "तुमच्या कोर्टात काय लिवलानी असल ता असो. पन मी गेले तर आग कोन देईल? ह्यो विमानात आनि त्यो गडग्यापलीकडं." याचं उत्तर वकिलांच्या एकाही पुस्तकात नव्हतं.

त्या रविवारी माणसं ओटीवर दाटीनं बसली. म्हातारी सगळ्यांत पुढे, पाटावर. पलीकडे चुलतभाऊ आपल्या पडवीत आमच्याकडे पाठ करून सुपाऱ्या सोलत होता. ओटीची खिडकी उघडी होती, आणि त्याची पाठ फार लक्ष देऊन ऐकत होती.

ओव्हरकोटातला एक माणूस बर्फातून चालत आला आणि एका जाड्या गृहस्थाशी वाद घालू लागला. शेजाऱ्याला कोरियन येत नाही, हे मला पाचव्या मिनिटाला कळलं. "पल्ली पल्ली" म्हणजे "लवकर लवकर" एवढं त्याला येत होतं, कारण कामावर तेवढंच बोललं जाई. पण ओटीभर माणसांसमोर माघार कशी घ्यायची?

"काय बोलतात रे?" कोणीतरी विचारलं.

"भावकी आहे. जाड्यानं ह्याचा बांध कोरलान."

सगळ्यांना लगेच पटलं. कोरियातसुद्धा दुसरं काय असणार?

"मग मोजणी नाय आणलान?"

"आणलान तर. जाड्यानं मोजणीवाल्याला कोंबडी घातलान."

पुढे तासभर ओव्हरकोटवाल्यानं जाड्याची माणसं मारली. एकाला जिन्यावरून ढकलून, एकाला त्याच्याच पट्ट्यानं, तिघांना बर्फाच्या कारखान्यात, लाद्या ओढायच्या आकड्यानं. शेवटी टीव्हीचा रंगच कमी करावा लागला. मेलेला प्रत्येक जण कोण, हे शेजारी न चुकता सांगत होता: हा मेहुणा, हा साडू, हा खोटा साक्षीदार. साक्षीदाराच्या वेळी त्यानं आवाज जरा चढवला. पलीकडे सुपारी सोलणं थांबलं.

अखेर जाड्या मेला. त्याच्या हातून झालेल्या जखमेनं ओव्हरकोटवालाही बर्फात आडवा झाला. जवळ कोणी आलं नाही.

"मेला?" म्हातारीनं विचारलं.

"मेला, आये."

"मग त्याचा सुतक कोनी धरलान?"

भाषांतरकाराची इतकी पंचाईत मी नंतरही कधी पाहिली नाही.

"भावकी म्हन्तोस ना? मग सुतक कोनी धरलान?"

उत्तर खिडकीतून आलं. "काकी, सगळी मारलान तर धरणार कोण? उरलाय कोण?"

म्हातारीनं मान वळवली नाही. "तू उरलायस ना?"

मग चुलतभाऊ गडग्याला वळसा घालून आला, उंबऱ्याशी थांबला आणि शेजाऱ्याकडे न बघता यंत्राला म्हणाला, "मागे घेता येतो ना? कारखान्यातला दिसला नाय मला."

"पाठीनं काय दिसणार?" शेजारी म्हणाला. "बस."

दावा मागे घेतला गेला, असं काही झालं नाही. ती कॅसेट दोन पावसाळ्यांत बुरशीनं पांढरी झाली. आता तसले सिनेमे कुठेही मिळतात, खाली अक्षरांत अर्थही येतो. मी एकही शेवटपर्यंत पाहिलेला नाही. खालचा अर्थ मला पटत नाही.

त्या रविवारनंतर दोन वर्षांनी, भातकापणीच्या दिवसांत, म्हातारी गेली. तार पोचून शेजाऱ्याला रजा मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. चुलतभावानं केस उतरवले, अग्नी दिला, सुतक धरलं. फणसाची तारीख नेमकी त्यातच होती. चौथ्या दिवशी तो आमच्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. विरुद्ध पक्षाचा माणूस. आत येईना, कशाला हात लावीना.

"तारीख पुढची घ्या. मला सुतक आहे."

"कोणाचं?" वकिलांनी विचारलं.

"तुमच्या पक्षकाराच्या आईचं."

वकिलांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं आणि मला अर्ज लिहायला सांगितला. मी लिहिलेल्या अर्जांपैकी तेवढाच आज पाठ आहे: "प्रतिवादीची आई मयत झाली असून वादीने तिला अग्नी दिला आहे. सबब उभयतांस सुतक असल्याने पुढील तारीख मिळावी."