मिशिगनचं मत

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून नारळ मी निवडून आणले होते. एकेक कानाशी धरून, हलवून, आत पाणी आहे का बघून. माझ्या मित्राने इलिनॉयमध्ये शॉमबर्गला घर घेतलं होतं, त्याच्या वास्तुशांतीसाठी ते नारळ होते. नारळच काय, त्याचा सोफा, गाद्या, पुस्तकांची खोकी, सगळं मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून भाड्याच्या ट्रकमधून मीच चालवत नेलं होतं, कारण त्याला ट्रकची भीती वाटायची. विद्यापीठात असताना आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली होती. तो पुण्याचा, मी नागपूरचा. माझ्या हातचं झणझणीत वांगं तो नाक पुसत पुसत खायचा आणि वर आणखी मागायचा.

पूजा शनिवारी होती. गुरुवारी त्याचा फोन आला.

"अरे, आई-बाबा आलेत ना पुण्याहून. आई जरा जुन्या वळणाची आहे. सगळं तिच्या मनासारखं चाललंय. तू पुढच्या वीकेंडला ये, निवांत बसू. यार, तू समजून घे."

आम्ही बौद्ध. मला समजायला वेळ लागला नाही, त्याची लहानपणापासून सवय आहे. मी "हो रे, चालेल" म्हणालो आणि फोन ठेवला. रविवारी फोटो आले. आमची सगळी गँग झब्बे घालून रांगेत उभी होती आणि पुढे कलशावर नारळ होता. मी आणलेला. लांब शेंडीवरून मी तो ओळखला. माझा नारळ चालला होता, मी चाललो नव्हतो.

मी भांडलो नाही. माझा राग भडकत नाही, बरणीतल्या लोणच्यासारखा मुरतो. पुढचा वीकेंड कधी उगवलाच नाही. नऊ वर्षं आम्ही एकमेकांना वाढदिवसाचे मेसेज पाठवत राहिलो.

दरम्यान मी ॲन आर्बरलाच राहिलो, लग्न केलं, आम्ही दोघं इथले नागरिक झालो. राष्ट्राध्यक्षाच्या यंदाच्या निवडणुकीत माझं हे पहिलंच मत होतं. बायको एका संशोधन प्रयोगशाळेत काम करते आणि ती लॅब सरकारी निधीवर चालते. दोन मोठ्या उमेदवारांपैकी एकजण निवडून आला तर हा निधी आटणार, हे तिच्या लॅबमध्ये सगळे धरून चालले होते. म्हणून आम्ही दोघं दुसऱ्याला मत देणार, हे आमच्या घरी उन्हाळ्यातच ठरलं होतं. मात्र त्या दोघांखेरीज एक तिसराही उमेदवार उभा होता आणि त्याचं एक भाषण मला मनापासून पटलं होतं. तेवढं मी गँगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं.

झालं. दिवाळीच्या शुभेच्छांच्या निमित्ताने शॉमबर्गहून फोन आला.

"यार, तू सीरियस आहेस का? थर्ड पार्टीला? आपल्याकडे मतं खायला उभे करतात ना, तसला प्रकार आहे हा. तू मिशिगनमध्ये आहेस, तिथे काट्याची टक्कर आहे, तुझं व्होट म्हणजे सोनं! आमचं इलिनॉय काय, आधीच ठरलेलं आहे, इथे माझ्या व्होटने काही फरक पडत नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "ऐक, आपण स्वॅप करू. मी इथे तुझ्या माणसाला व्होट करतो. तू तिथे माझ्या माणसाला कर. तुझ्या माणसाचं एक व्होट कमी होणार नाही, मिशिगनही वाचेल."

त्याचा माणूस म्हणजे तोच, ज्याला मी मत देणारच होतो. एवढं सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण ऐकता ऐकता मी हिशेब मांडला. ज्या मताने काही फरक पडत नाही ते तो मला देणार आणि सोन्याचं माझ्याकडून घेणार. नऊ वर्षांनी त्याला माझ्याकडचं काहीतरी हवं होतं आणि या वेळीही मी नकोच होतो.

"हो रे, चालेल," मी म्हणालो. अगदी त्याच आवाजात.

नागपूरला माझे वडील मतदानाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचे. मत विकायचं नाही, उसनं द्यायचं नाही आणि रागाच्या भरात द्यायचं नाही, असं ते आम्हा भावंडांना सांगायचे. मीही पांढरा शर्ट घातला, वर जाड जाकीट चढवलं आणि शाळेच्या जिममध्ये रांगेत उभा राहिलो. कागदावर तिसऱ्याच्या नावापुढचं वर्तुळ पेनाने भरलं. सावकाश, कडेपर्यंत. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. वडिलांच्या तीन गोष्टींपैकी दोन मी पाळल्या होत्या.

मिशिगन थोडक्यात गेलं, आणि आमचा उमेदवार देशातही हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राचा फोन आला. बायको समोर डबा भरत होती, म्हणून मी स्पीकर लावला. तिने ऐकावं अशी माझी फार इच्छा होती.

"यार, झोप नाही रे. त्या थर्ड पार्टीवाल्यांनी घात केला. आपण दोघांनी तरी आपलं काम केलं. मी प्रॉमिस पाळलं, तुझ्या माणसाला दिलं."

"मी पण माझ्याच माणसाला दिलं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे तिसऱ्याला. मिशिगनमध्ये." आणि मग नऊ वर्षं जपलेलं वाक्य टाकलं. "यार, तू समजून घे."

मग त्याने खरोखरच विचारलं, "काय समजून घेऊ?"

त्याला आठवतच नव्हतं. मग मी त्याला पहिल्यापासून सांगितलं: ट्रक, सोफा, नारळ, गुरुवारचा फोन, कलशाचा फोटो. शेवटी तो म्हणाला, "अरे, पण ते आईचं होतं. त्यात माझं काय?" मी फोन ठेवला. जिंकल्यासारखं वाटत होतं.

बायको डब्याचं झाकण लावायचं थांबली होती.

"आपलं नाक कापून त्याला अपशकुन केलास," ती म्हणाली. "तोही धड झाला नाही. त्याचं काय गेलं? त्याचं इलिनॉय जागच्या जागी आहे, नोकरी आहे. लॅब माझी आहे. तू माझं मत खाल्लंस."

"एका मताने काही होत नाही," मी म्हणालो.

"आत्ता त्याला सांगताना तर होत होतं," ती म्हणाली आणि डबा घेऊन लॅबला निघून गेली.