नाल्यावरचा धुण्याचा दगड

दुपारचं जेवण झालं की मी ओसरीत खाट टाकतो, आणि डोळा लागला की तो येतो. हातात ढाल-तलवार, पाय उघडे, नाक झिजून सपाट झालेलं. अंगणातल्या दगडावरून अलगद उतरतो, माझ्यासमोर उभा राहतो, बोलत मात्र नाही. मीही विचारत नाही. एका शिपायानं दुसऱ्याला काय विचारायचं? गाव कोणतं, सुट्टी कधी लागते? जाग येते तेव्हा निंबाची सावली खाटेपाशी आलेली असते आणि तो परत दगडात गेलेला असतो.

हे स्वप्न मला महिनाभर पडत होतं, दगड आमच्या अंगणात होता तोवर.

सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो आणि गावात करायला काही राहिलं नाही. पारावरचं राजकारण ऐकलं की माझं डोकं फिरतं. मग वही, टेप आणि ब्रश घेऊन मोटारसायकलवर निघायचो. जानेफळ, साखरखेर्डा, जिथं कुणी जुना दगड सांगेल तिथं. वाचून, विचारून थोडंफार कळायला लागलं. पोरं मला ‘दगडवाले सुभेदार’ म्हणतात. म्हणोत बापडी.

एवढं हिंडलो आणि वीरगळ सापडला तो आमच्याच नाल्यात. बाया पिढ्यान्‌पिढ्या ज्या दगडावर धुणं आपटत, त्याच्याखालची माती पुरानं वाहून गेली होती. सहज खाली हात घातला तर बोटांना दगडात कोरलेला घोड्याचा पाय लागला. मी तिथंच चिखलात बसलो आणि खरं सांगतो, रडलो.

ट्रॅक्टरनं आणून तो अंगणात उभा केला. लढाईत पडलेल्या शिपायाची आठवण म्हणून घडवलेला दगड. खालच्या चौकटीत तो घोड्यावर लढतोय, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलाय. मारुतीच्या देवळाला नवी भिंत होत होती, तिच्यात तो बसवायचं ठरलं. मिस्त्री सोमवारी येणार. तोंड बाहेर, पाठ कायमची सिमेंटात.

“अन् आमचा धुन्याचा दगड?” बायकोनं विचारलं.

“घरात मशीन आहे ना! अजून काय पाहिजे तुले?”

ती आत निघून गेली. मला वाटलं, जिंकलो.

मग फौजी खोड आडवी आली. पलटणीत झाडाचे बुंधे, कुंपणाचे खांब, वाटेकडेचे धोंडे, सगळ्यांना गेरू आणि वर चुन्याचा पट्टा. हा पाहुणा देवळात जाणार, तो टापटीप नको? मी त्या वीरगळाला चारी बाजूंनी गेरू फासला आणि कडांना चुना मारला. झकास दिसत होता. फोटो काढून खामगावच्या इतिहासाच्या सरांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

“सुभेदारसाहेब, हे काय करून ठेवलं तुम्ही! आधी ते धुऊन काढा.”

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. “सरका तिकडं. धुनं मले येते,” म्हणाली आणि बादली, काथ्या घेऊन बसली. दगडाच्या अरुंद बाजूला गेरूखाली साबणाचा जुना थर होता, कडकडीत वाळलेला. तो निघाला तसा तिचा हात थांबला.

“अहो, पाहा बरं. हात आहे इथं. बांगड्या भरलेला.”

मी धावत गेलो. माझी तर छाती फुगली! “सतीचा हात! म्हंजे हा पडल्यावर याची बायको याच्यासंगं जळाली.”

तिनं पदरानं तो हात पुसला.

“याले तीन चौकटी,” ती म्हणाली, “अन् तिले नुस्ता हात?”

“तशी पद्धत होती.”

“तिले कोनी इचारलं होतं का?”

ती उठली आणि दगडाच्या मागं गेली. पाठीला धुण्यानं गुळगुळीत खोलगा पडला होता. त्यात तिनं तळवा टेकवला.

“तुमचं पत्र येनं बंद झालतं, त्या हिवाळ्यात मी रोज नाल्यावर जाये. धुनं नसलं तरी. धुतलेलेच कपडे पुन्हा नेये. घरात सासूबाईपुढं रडता येये ना. आपटन्याच्या आवाजात कोनाले आइकू येत नाई.” मग हळूच, “माह्या हाताखाली ही होती. मले काय माहीत.”

तो हिवाळा मी दर झेंडावंदनाला शाळेत सांगत आलोय. बर्फ, तुटलेला रस्ता, चौकीवर अडकलेले आम्ही. ती मागच्या रांगेत बसून ऐकायची. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही, की तेव्हा तू काय करत होतीस. लाज वाटली. आजही वाटते.

सोमवारी मिस्त्री आला. मी म्हटलं, भिंतीत नाही. देवळासमोर ओटा बांध, दगड मधोमध उभा कर, माणसाला चहूबाजूंनी फिरता आलं पाहिजे. पंच कुरकुरले. मी आवाज चढवला, तसे गप झाले.

संध्याकाळी वही काढली. ‘मागची बाजू : काही नाही’ असं मीच लिहून ठेवलं होतं. ते खोडलं आणि तिलाच विचारलं, काय लिहू?

ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, “लिवा, इथं बाया धुनं धूत. अन् आपटन्याचा आवाज लय दूर जाये.”

मी तसंच्या तसं लिहिलं.