गॅब्रिएलचा तिसरा शेरा

भुईगावच्या गॅब्रिएलने उभं आयुष्य ट्रक चालवला आणि रस्त्यावर साधी कोंबडीसुद्धा मारली नाही. हे तो स्वतःच सांगे, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर पुन्हा सांगे. घाट, धुकं, उलट्या बाजूने घुसणारे रिक्षावाले, सगळं त्याने निभावून नेलं होतं. पण अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून सुरक्षेची तपासणी करायची जी टूम निघाली होती, तिच्यापुढे त्याची मती गुंग व्हायची. ब्रेक नीट, दिवे नीट, टायर नवे, आणि तरी शेवटी काहीतरी भलतंच निघायचं.

पहिला शेरा मिळाला तो क्रुसामुळे. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादित केलेल्या पातीचा छोटा क्रूस वळून त्याने समोरच्या काचेवर, अगदी मधोमध चिकटवला होता. तपासणारा म्हणाला, "याच्यामुळे समोरचं दिसत नाही." गॅब्रिएल म्हणाला, "साहेब, याच्यामुळेच तर दिसतं." साहेबांनी शेरा लिहिला. आता आशीर्वादित पाती कुठेही फेकून देत नाहीत. ती चर्चमध्ये परत द्यायची, तिथे तिची राख होते आणि राखेच्या बुधवारी ती आपल्याच कपाळाला लागते. म्हणून गॅब्रिएलने क्रूस शर्टाच्या खिशात घातला आणि दिवसभर छातीला टोचून घेतला.

दुसरा शेरा सुक्या बोंबलांचा. प्रथमोपचाराच्या पेटीचं झाकण इतकं घट्ट बसायचं की वास बाहेर यायचा नाही, मग बोंबील ठेवायला त्याहून चांगली जागा कोणती? साहेबांनी पेटी उघडली आणि ते नाक धरून दोन पावलं मागे गेले. "बँडेज कुठे आहे?" त्यांनी लांबूनच विचारलं. "मला कधी काही लागतच नाही, साहेब," गॅब्रिएल म्हणाला. त्याला वाटलं होतं, हे ऐकून साहेब खूश होतील.

या दोन्ही शेऱ्यांवर भुईगावात लोक पोट धरधरून हसले. हसला नाही तो चंद्रहास. सातिवलीच्या ज्या गोदामातून गॅब्रिएलचा ट्रक निघायचा, त्या गोदामाचा आणि ट्रकचाही हा मालक. वयाने लहान असल्यामुळे तो गॅब्रिएलला दादा म्हणायचा. त्याला नुकतंच एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम मिळालं होतं, आणि गिऱ्हाइकाची अट होती की ज्याच्या नावावर तीन शेरे, तो ड्रायव्हर आमच्या मालाच्या गाडीवर नको.

"दादा, तिसरा येऊ देऊ नका," चंद्रहास म्हणाला होता. "मग मला तुम्हाला गोदामाच्या फाटकावर राखणीला बसवावं लागेल."

फाटकावरची ती प्लास्टिकची खुर्ची गॅब्रिएल रोज बघायचा. ट्रकच्या सीटवरून ती फारच खाली दिसायची. तिच्यात बसायची वेळ आली तर आपण मरूनच जाऊ, असं त्याला खरोखर वाटायचं.

एप्रिलमधल्या एका दुपारी पाइपांचा माल भरून तो सातिवलीहून निघाला आणि चिंचोटीच्या फाट्याशी त्याला हात दाखवला गेला. तपासणी पथकाची जीप, एक शिपाई, आणि छातीवर 'तेजस्वी' नावाची पट्टी लावलेली एक तरुण अधिकारी. गॅब्रिएलने कागद पुढे केले, दिवे लावून दाखवले, वायपर फिरवले. काच स्वच्छ होती. पेटीत कापूस होता, बँडेज होतं, मलमसुद्धा होतं. मॅडमनी सगळं पाहिलं आणि मान हलवली. सुटलो एकदाचे, असं गॅब्रिएलला वाटलं.

"काका, जरा खाली उतरा. मागचे रिफ्लेक्टर बघू."

तो उतरला, आणि मॅडमची नजर रिफ्लेक्टरकडे न जाता त्याच्या पायांकडे गेली.

"चपला कुठे आहेत?"

"आहेत ना, सीटखाली." त्याने वर चढून सीटखाली हात घातला. तिथे फडकं होतं, पान्हा होता, पाण्याची बाटली होती. चपला नव्हत्या.

गॅब्रिएल अनवाणी गाडी चालवायचा. ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, तो केबिनला घर मानायचा, आणि घरात चपला घालून कोण शिरतं? चपला पायरीशी काढायच्या, मग वाकून उचलायच्या आणि सीटखाली ठेवायच्या. त्यातलं उचलायचं तेवढं अलीकडे राहून जायचं. त्याच्या चपला गोदामांच्या दारांत मागे राहायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी हसत आणून द्यायचं. परवा तर तो चर्चमधून एकच चप्पल घालून घरी आला होता, आणि अंगणात फ्लॉसीने, म्हणजे त्याच्या बायकोने, दाखवेपर्यंत त्याला पत्ताच नव्हता. "तुमचं डोकं कुठे असतं हो?" ती म्हणाली होती. तोही हसला होता.

"सातिवलीला राहिल्या वाटतं," तो ओशाळून म्हणाला.

"मग तुम्ही अनवाणी चालवत आलात?"

"मी अनवाणीच चालवतो, मॅडम. पायाखाली काही असलं की मला पेडल कळत नाही. मोकळ्या पायाला सगळं कळतं."

"हे सुरक्षेत बसत नाही, काका. मला लिहावं लागेल."

गॅब्रिएलला हे पटेना. देवाने दिलेल्या पायाने गाडी चालवायची नाही? मग ब्रेक चांगले असून उपयोग काय? त्याने क्रुसाची गोष्ट सांगितली, बोंबलांची सांगितली, चंद्रहासची, फाटकावरच्या खुर्चीची. शिपाई बोंबलांचं ऐकून फिसकन हसला, पण मॅडम हसल्या नाहीत.

"घरून बूट मागवा," त्या जरा विचार करून म्हणाल्या. "आले की बघू. तोवर गाडी हलवायची नाही."

त्याने फ्लॉसीला फोन केला. बूट म्हणताच ती गोंधळली. घरात बुटांचा एकच जोड होता, मुलीच्या लग्नात घातलेला, आणि तो कपाटावर कुठेतरी होता.

"ट्रक चालवायला लग्नाचे बूट?" ती म्हणाली. "अहो, बरे आहात ना?"

"ये गं लवकर. मलासुद्धा काही समजत नाही."

फ्लॉसी स्कूटरवरून यायची होती. भुईगावहून चिंचोटी म्हणजे वसईचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला येणं. गॅब्रिएलला एका जागी बसवेना. तो ट्रकभोवती फेऱ्या मारू लागला. ऊन असं की डांबर मऊ पडलं होतं. शिपाई तर बूट घालूनही सावली सोडत नव्हता.

"काका, इकडे या," तेजस्वीमॅडमनी हाक मारली. "पाय भाजतील."

"काही नाही होत, मॅडम. सवय आहे."

तो आणखी एक फेरी मारून आला आणि थबकला. डांबरावर काळपट ओले डाग दिसत होते. ऑइल गळतंय की काय? आता गळतीचा शेरा! त्याने वाकून गाडीखाली पाहिलं. कोरडं होतं. डाग गाडीच्या मागून वळून पुढे आले होते आणि त्याच्यापाशी येऊन थांबले होते. त्याने एक डाग बोटाने पुसून पाहिला. बोट लाल झालं. एखादं कुत्रं जखमी होऊन गेलं असावं, असं म्हणून तो इकडेतिकडे कुत्रं शोधू लागला.

"काका," मॅडम जवळ आल्या होत्या. "हलू नका. उजवा पाय वर करा."

ट्रकच्या पायरीवर बसून त्याने पाय वर घेतला. खोकी बंद करायला लावतात तसली एक जाड तारेची पिन तळव्यात पार आत गेली होती. गोदामातच लागली असणार. तळवा भाजून लालभडक झाला होता, कडेने फोड आले होते. गॅब्रिएल त्या पायाकडे परक्या माणसाचा पाय बघावा तसा बघत राहिला. मग त्याने पिन धरली आणि उपटली. रक्त आलं. बाकी काहीच झालं नाही.

"दुखलं नाही?"

"नाही." त्याने पुन्हा दाबून पाहिलं. "नाही हो."

"शुगर आहे तुम्हाला?"

"आहे थोडी. गोळी घेतो." मग तो खाली बघून म्हणाला, "आठवली की."

शिपायाने पेटी आणली. मॅडमनी जखम धुतली, पट्टी बांधली. गॅब्रिएलला पट्टी बांधलेली दिसत होती, कळत नव्हती. चर्चपासून घरापर्यंत तो एका चपलेने चालत आला होता. वाटेत खडी होती, वाळू होती. हसण्यासारखं काय होतं त्यात? आणि हे कधीपासून? पेडल शेवटचं कधी कळलं होतं, हे तो आठवू लागला. त्याला ते आठवेना. तो घाबरला होता.

फ्लॉसी आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत चकचकीत काळे बूट. पट्टी पाहून तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. परत आली तेव्हा ती रडत नव्हती, पण तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. तिने खाली बसून त्याच्या पायांत बूट चढवले आणि नाड्या बांधल्या.

"मी शेरा लिहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण काका, खरं सांगा. चालवता येईल तुम्हाला? नाहीतर मालकाला सांगून दुसरा ड्रायव्हर मागवा. आजारी माणसासाठी शेरा नसतो."

"येईल की," गॅब्रिएल झटकन म्हणाला. "आतापर्यंत चालवतच आलो ना?"

तिसरा शेरा टळला होता. सीट त्याची होती. तो दांडा धरून चढला, बसला, किल्ली फिरवली. इंजीन नेहमीसारखं थरथरलं, ते त्याला हातांत कळलं, पाठीत कळलं. समोर रस्ता होता, कडेला एक शाळेची बस थांबली होती, आणि तिच्यातून उतरलेली मुलं ट्रकच्या पुढून रस्ता ओलांडत होती. त्याने उजवा पाय पुढे नेला. वाकून बघायला गेला, तर पोट आड आलं आणि खाली काळ्या बुटाशिवाय काही दिसेना. काळ्या अंधारात काळा बूट. ब्रेक की ॲक्सिलरेटर? त्याने वाट पाहिली. पायाकडून काही उत्तर येईना.

"फ्लॉसी," त्याने दारातून हळूच हाक मारली. "जरा वर ये ना. माझा पाय कशावर आहे, तेवढं बघून सांग."

फ्लॉसी पायरीवर चढली. तिने वाकून खाली पाहिलं. मग हात आत घातला आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.