पाणकीचा झगा

चर्चच्या डाव्या कोनाड्यात हातात घडा घेतलेली एक संत उभी आहे. तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सगळे तिला पाणकी म्हणतात. ख्रिस्ताचं नाव घेणं म्हणजे मरण ओढवून घेणं होतं, त्या काळातली ती. तुरुंगातल्या ख्रिस्ती कैद्यांना पाणी नेऊन देई. शिपायांनी विचारलं, "हे कैदी तुझे कोण?" कोणी नाही म्हणाली असती तर सुटली असती. ती म्हणाली, "माझी माणसं." तिथेच तिला ठार मारलं. एवढीच तिची गोष्ट. मोठमोठ्या संतांच्या गर्दीत हिला विचारतो कोण? पण तिच्या दिवशी इथली माणसं रांग लावून तिच्या झग्याच्या काठाला ओठ टेकतात.

दरवर्षीचा नवा झगा शिवण्याचा मान शिंपीणबाईंचा. मूर्तीचे हात वाकत नाहीत, म्हणून झगा पाठीत उघडा ठेवून नाड्यांनी बांधावा लागतो, आणि काठाची तुरपाई अशी, की टाका शोधून सापडू नये. आपल्या हाताचा बाईंना गर्व होता आणि तो लपवायची तसदी त्या घेत नसत. तो हात घडवला होता थोरल्या बहिणीने. आई लवकर गेली. ताईने धाकटीला मांडीवर बसवून सुई धरायला शिकवलं. पुढे ताईचे डोळे अधू झाले. धाकटीने दुकान थाटलं आणि ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायला लागली.

यंदा शिंपीणबाई चर्चमध्ये स्टुलावर उभ्या राहून मूर्तीच्या अंगावर झगा बेतत होत्या. शेजारी चर्चच्या मंडळाच्या देणगीदार अध्यक्षबाई नाकाने कांदे सोलत होत्या. तेवढ्यात कामावरून सुटलेली ताई ओल्या चपलांनी आत आली. अंगाला फिनेलचा वास.

"झाला का गं? म्हटलं, जाता जाता तुझा झगा बघावा."

अध्यक्षबाईंनी नाकाला रुमाल लावला. "कोण ही? तुमच्या ओळखीची?"

शिंपीणबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. तेवढं निमित्त पुरलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

ताई अध्यक्षबाईंनाच म्हणाली, "चुकले हो. मला दुसरंच कोणी वाटलं." जाताना फरशीवरचे आपले ओले ठसे तिने फडक्याने पुसले.

त्या रात्रीपासून शिंपीणबाईंना घास गोड लागेना. ताईकडे जायचं ठरवलं की पाय उंबऱ्यातच अडत. कोणत्या तोंडाने जायचं?

पाणकीच्या दिवशी त्या मूर्तीपाशी उभ्या राहून प्रत्येकानंतर काठ पुसत होत्या. रांगेतून ताई आली. गुडघे टेकून तिने काठ उलटून आतली बाजू डोळ्यांजवळ धरली, लहानपणी धाकटीचे टाके तपासताना धरायची तशी.

"तुरपाई छान झालीय, बाई. तुम्ही शिवलात?"

'तुम्ही' ऐकून शिंपीणबाईंना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. ताई त्यांचंच खोटं सांभाळून घेत होती. ताई उठून दाराकडे निघाली.

"परवाचीच ना ही बाई?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझी थोरली बहीण," शिंपीणबाई म्हणाल्या. "सुई हिनेच शिकवली. मी खोटं बोलले." आणि रांगेवरून त्यांनी हाक मारली, "ताई."

दाराजवळच्या दोन-तीन बायका वळून पाहू लागल्या. ताई वळली नाही.